एक जागा, तीन शहरं: पुण्याचा फुटबॉल संघ गेला, तेव्हा चाहत्यांना विचारलं कुणी?

इंडियन सुपर लीगमधली, म्हणजे आयएसएलमधली, एक जागा २०१४ साली पुण्याची होती. २०१९ साली ती हैदराबादला गेली आणि २०२५ साली दिल्लीला. अकरा वर्षांत तीन शहरं आणि तीन नावं झाली, जर्सीही तीनदा बदलली. या प्रवासात एक गोष्ट मात्र बदलली नाही. संघ हलवताना तिकीट काढून मैदानात येणाऱ्या माणसाचं मत कधीच घेतलं गेलं नाही.

छोट्या संघाचा चाहता हरण्यावर फारसा चिडत नाही, हरायची त्याला सवय असते. तो चिडतो दोन गोष्टींवर: पैसा कुठे जातो हे त्याला कळत नाही, आणि निर्णय कोण घेतंय हेही कळत नाही. हा राग सध्या अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांपासून गोव्याच्या फुटबॉल क्लबांपर्यंत सगळीकडे दिसतो. बजाजनगरसारख्या कारखान्यांच्या वसाहतीत राहणाऱ्यांनाही तो समजायला हरकत नाही, कारण वाळूजच्या उंबरठ्यावर येऊन परत गेलेल्या एका मोठ्या क्रीडा प्रकल्पाची गोष्ट अजून ताजी आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी पुण्यात काय झालं ते बघू.

पुण्याचे चार संघ, चारही बंद

२००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी सुरू केला. दोन वर्षांत हा संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत पोहोचला. २०१२-१३ च्या हंगामात त्याने दुसरा क्रमांक पटकावला. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात त्याचे सामने व्हायचे. संघाची अकादमी चांगली होती, पगार वेळेवर व्हायचे, कारभार नीटनेटका होता. तरीही २०१५ मध्ये समूहाने हात काढून घेतला आणि संघ संपला.

त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसीही गेला. तो जेमतेम एक हंगाम खेळला होता.

तिसरा संघ डीएसके शिवाजियन्स. १९८७ पासूनचा जुना पुणेरी क्लब बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाने मोठा केला. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने अकादमी उघडली गेली. आय-लीगचे दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये हा संघ बाहेर पडला. पुढच्याच वर्षी कुलकर्णी यांना ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली.

चौथा संघ एफसी पुणे सिटी. आयएसएलमधला हा संघ वाधवान समूहाचा होता. हृतिक रोशन सहमालक होता आणि इटलीच्या फिओरेंटिना क्लबशी भागीदारी होती. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीत पोहोचला. ‘ऑरेंज आर्मी’ नावाचा चाहत्यांचा गट बालेवाडीत ढोल घेऊन यायचा. २०१९ मध्ये संघ गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. वाधवानांची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी त्याच वर्षी कर्जफेडीत अडकली आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं.

मुंबईची गोष्टही फार वेगळी नाही. १९६२ पासूनच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीने ठरवलं की व्यावसायिक संघाऐवजी शालेय फुटबॉलवर पैसा खर्च करायचा, आणि राष्ट्रीय विजेता राहिलेला संघ बंद झाला. एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या गटात घसरला आणि त्यानंतर तोही थांबला.

म्हणजे २०१० ते २०१९ या काळात मुंबई-पुण्यातले सहा संघ गेले. यातले काही वाईट खेळले, काही उत्तम खेळले. काहींचे मालक अडचणीत होते, तर काहींचे चांगल्या स्थितीत होते. शेवट मात्र सगळ्यांचा एकच झाला.

पैसा नेमका कुठे अडतो?

फुटबॉल संघाकडे पैसा येण्याचे साधारण चार रस्ते असतात: तिकिटं, प्रायोजक, टीव्हीचे हक्क आणि खेळाडू दुसऱ्या संघाला विकून मिळणारी रक्कम. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये टीव्हीचा पैसा हा कणा असतो. आपल्याकडे तोच कणा कमकुवत आहे.

खर्च मात्र थांबत नाही. परदेशी खेळाडू, प्रशिक्षक, विमानप्रवास, हॉटेलं, मैदानाचं भाडं. आयएसएलमध्ये त्यावर दरवर्षी कोट्यवधींचं फ्रँचायझी शुल्क. ही तूट भरून काढतो मालक, आपल्या दुसऱ्या धंद्यातून. म्हणजे संघाचं आयुष्य मैदानावर ठरत नाही. ते ठरतं बांधकामाच्या बाजारात, गृहकर्जाच्या व्याजदरात किंवा कंपनीच्या बोर्डरूममध्ये.

चाहत्याला हेच पचत नाही. तो गुणतक्ता बघत असतो, पण संघाचा निकाल लागतो ताळेबंदात. तो ताळेबंद त्याला कुणी दाखवलेला नसतो.

दुसरा मुद्दा स्पर्धेच्या रचनेचा. जगात बहुतेक ठिकाणी छोटा संघ जिंकत वर चढतो आणि हरला तर खाली येतो. आपल्याकडे आयएसएल सुरू झाली ती ठरावीक शहरांना जागा विकून. त्यामुळे जुने क्लब एका झटक्यात दुय्यम झाले. याचा सगळ्यात मोठा फटका गोव्याला बसला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, तसंच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. आपण कितीही जिंकलो तरी वरचा दरवाजा उघडणार नाही, मग पैसा ओतायचा कशाला, असा त्यांचा साधा सवाल होता.

हा दरवाजा किलकिला झाला २०२३ मध्ये, जेव्हा आय-लीग विजेता पंजाबचा संघ आयएसएलमध्ये गेला. त्याआधी गोकुलम केरळने सलग दोनदा आय-लीग जिंकूनही त्यांना वर जागा मिळाली नव्हती. २०२४-२५ चं विजेतेपद तर मैदानाबाहेरच ठरलं. एप्रिल २०२५ मध्ये महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयामुळे गोव्याचा चर्चिल ब्रदर्स विजेता ठरला. जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने निकाल फिरवून इंटर काशीला विजेता घोषित केलं. ज्यांनी एप्रिलमध्ये जल्लोष केला, त्यांना तीन महिन्यांनी कळलं की आपण दुसरे आलो.

खुर्चीवर कोण, आणि त्याला निवडतं कोण?

पैशाइतकाच राग नेतृत्वावर असतो. इथेही महाराष्ट्राचा संबंध आहे.

भंडारा-गोंदियाचे नेते प्रफुल्ल पटेल २००९ पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. क्रीडा संहितेनुसार अध्यक्षपदाची कमाल मुदत बारा वर्षं. ती संपूनही निवडणूक झाली नाही. अखेर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदाधिकाऱ्यांना बाजूला करून प्रशासकांची समिती नेमली. यावर फिफाने ‘बाहेरचा हस्तक्षेप’ म्हणून ऑगस्टमध्ये भारतावर बंदी घातली. ती साधारण दहा दिवसांत उठली.

२ सप्टेंबर २०२२ रोजी निवडणूक झाली. एका बाजूला भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया, दुसऱ्या बाजूला माजी गोलरक्षक आणि भाजप नेते कल्याण चौबे. निकाल लागला ३३ विरुद्ध १. भुतियासारख्या लोकप्रिय खेळाडूला एकच मत कसं, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. उत्तर मतदार यादीत आहे. मतं होती राज्य संघटनांच्या प्रतिनिधींची. चाहत्यांमध्ये भुतिया किती लोकप्रिय आहे, याचा त्या मोजणीशी काही संबंध नव्हता.

पुढचा पेच त्याहून मोठा निघाला. आयएसएल चालवणारी रिलायन्स समूहाची कंपनी एफएसडीएल महासंघाला वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये देत होती. हा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. तरी वेळेत नवा करार झाला नाही. जुलै २०२५ मध्ये एफएसडीएलने पुढचा हंगाम थांबवला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार रोखले. महासंघाने काढलेल्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीची मूळ कंपनी मुंबई सिटी एफसीमधून बाहेर पडली. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांना जाहीर करावं लागलं की १४ फेब्रुवारीपासून १४ संघांसह लीग सुरू होईल.

या गोंधळात ‘पैसा नाही’ हे वाक्य वारंवार ऐकू आलं. पण पंधरा वर्षांनी करार संपणार हे कॅलेंडर बघूनही कळत होतं. त्यासाठी तयारी न करणं ही नेतृत्वाची चूक होती. पैशाची अडचण त्यानंतर आली.

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचं दुखणं

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल (त्यांचा हातात चेंडू घेऊन पळायचा खेळ) म्हणजे अब्जावधी डॉलरचा कारभार. खेळाडूंना मात्र वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर जाहिराती करून कमावायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली आणि कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची मर्यादा होती एका कॉलेजमागे सुमारे २.०५ कोटी डॉलर.

खेळाडूंच्या दृष्टीने हा न्यायच आहे. पण छोट्या कॉलेजाकडे एवढा पैसा आणायचा कुठून? दोन-तीन वर्षं मेहनत घेऊन घडवलेला खेळाडू मोठं कॉलेज जास्त रक्कम देऊन घेऊन जातं. चाहत्यांना सांगितलं जातं की देणगी द्या, नाहीतर तोही जाईल. पेन्सिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळला. त्यानंतर काही दिवसांतच विद्यापीठाने जाहीर केलं की आपण सर्वोच्च श्रेणी सोडून सगळ्यात खालच्या श्रेणीत जाणार. कॅलिफोर्नियाच्या सोनोमा स्टेट विद्यापीठाने तर त्याच वर्षी जानेवारीत सगळे खेळ बंद करण्याची घोषणा केली.

दुसरीकडे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करार मोडल्याबद्दल त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं लागलं. ही रक्कम काम न करण्यासाठी होती. छोट्या कॉलेजचा चाहता हे वाचतो आणि मग आपल्या देणगीच्या आवाहनाकडे बघतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

मग कोल्हापूर कसं टिकलं?

महाराष्ट्रात एक शहर या सगळ्याला अपवाद आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने असले की शहरातलं वातावरणच बदलतं. या संघांना करोडपती मालक नाही. ते पेठांचे, तालमींचे, मंडळांचे आहेत. पैसा येतो पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून, जुन्या खेळाडूंकडून, वर्गणीतून. बाहेरगावचे, अगदी नायजेरियाचे खेळाडूही इथे खेळून गेलेत.

इथेही कटकटी आहेत. दोन पेठांच्या समर्थकांत हाणामाऱ्या झाल्यात, सामने थांबवावे लागलेत. शिवाय हे संघ देशातल्या वरच्या लीगमध्ये कुठेच नाहीत. अनिकेत जाधवसारखा कोल्हापूरचा मुलगा २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळतो, पण व्यावसायिक फुटबॉलसाठी त्याला शहर सोडावंच लागतं.

तरीही फरक साधा आहे. पाटाकडीलचा संघ उद्या कुणी हैदराबादला नेऊ शकत नाही. तो ज्याच्या नावावर आहे ती पेठ जागची हलणार नाही. पुण्यातले संघ जास्त श्रीमंत होते आणि संपले. कोल्हापूरचे कमी पैशात टिकले.

बजाजनगरचा याच्याशी काय संबंध?

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगर वाढलं. राज्यभरातून आलेली कामगार कुटुंबं इथे स्थायिक झाली. त्यांची मुलं शहरातल्या नाहीतर वाळूज परिसरातल्या कॉलेजांत जातात, आणि खेळायचं म्हटलं की मैदान कुठलं, शूज कुणाचे, प्रवासखर्च कोण देणार, इथून सुरुवात होते.

याच परिसराला लागून करोडी आहे. राज्याचं क्रीडा विद्यापीठ आधी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला होणार होतं आणि करोडीची जागा चर्चेत होती. सरकार बदललं आणि डिसेंबर २०२० मध्ये विधिमंडळात जे विधेयक मंजूर झालं, त्यात हे विद्यापीठ पुण्याच्या बालेवाडीत होणार होतं. मराठवाड्यात संताप झाला. पुढे पुन्हा सरकार बदललं आणि सप्टेंबर २०२३ च्या शहरातल्या मंत्रिमंडळ बैठकीत संभाजीनगरसाठी पुन्हा क्रीडा विद्यापीठाची घोषणा झाली.

संघ असो की विद्यापीठ, वरच्या खुर्चीवरचा माणूस बदलला की जागा बदलते. ज्यांच्यासाठी ते उभं राहणार असतं, त्यांना बातमी वाचून कळतं.

कॉलेजच्या पातळीवर हेच छोट्या प्रमाणात चालतं. प्रवेशाच्या पावतीत क्रीडा शुल्काची ओळ असते. ते पैसे देतो प्रत्येक विद्यार्थी. त्यातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणाऱ्या संघाचा प्रवास, जेवण, साहित्य निघायला हवं. किती संघांना तो हिशेब दाखवला जातो, हे प्रत्येकाने आपापल्या कॉलेजात विचारून पाहावं.

चाहते आणि खेळाडू काय करू शकतात?

नुसतं चिडून पोस्ट टाकण्यापलीकडे काही रस्ते आहेत.

पहिला, हिशेब मागणं. अनेक जिल्हा क्रीडा संघटना आणि शिक्षणसंस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात आणि त्यांना दरवर्षी लेखापरीक्षण अहवाल द्यावा लागतो. अनुदानित कॉलेजांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. संघ कंपनीच्या नावावर असेल, तर कंपनीचे ताळेबंद केंद्राच्या संकेतस्थळावर शुल्क भरून बघता येतात.

दुसरा, कंपन्यांकडे योग्य गोष्ट मागणं. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. वाळूज एमआयडीसीत अशा कंपन्या आहेत. एक दिवसाच्या टी-शर्ट वाटपाऐवजी तीन वर्षांचा प्रशिक्षक आणि देखभाल केलेलं मैदान मागितलं, तर उद्या तो अधिकारी बदलला तरी काहीतरी मागे उरतं.

तिसरा, एकत्र येणं. डिसेंबर २०२४ मध्ये केरळ ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’ या चाहत्यांच्या गटाने व्यवस्थापनाविरोधात तिकिटं न घेण्याची भूमिका घेतली. महिनाभरात क्लबने चाहत्यांची सल्लागार समिती नेमण्याची घोषणा केली. समितीला अधिकार किती, हा प्रश्न राहतोच. पण रिकाम्या खुर्च्या बोलतात, हे दिसलं.

आणि चौथा, सगळ्यात अवघड रस्ता: स्वतःचा संघ उभा करणं. लंडनमधला विम्बल्डन क्लब दुसऱ्या शहरात हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला. सगळ्यात खालच्या गटांतून सुरुवात करून २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात परतला. जर्मनीत तर नियमच आहे की क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे हवीत, त्याला ‘५०+१’ म्हणतात. २०२५ मध्ये ब्रिटनने कायदा करून स्वतंत्र फुटबॉल नियामक नेमला आणि महत्त्वाच्या निर्णयांत चाहत्यांशी सल्लामसलत बंधनकारक केली.

भारतात त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला. त्यात संघटनांच्या कार्यकारिणीत खेळाडू आणि महिलांसाठी जागा आहेत, वाद सोडवायला न्यायाधिकरण आहे. चाहत्यांसाठी मात्र एकही जागा नाही.

जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानात भारत-चायनीज तैपेई सामन्याला २,५६९ प्रेक्षक होते. सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून विनंती केली: शिव्या घालायच्या तर मैदानात येऊन घाला. त्यानंतरच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. म्हणजे लोक बोलावलं की येतात. अडचण त्यानंतरची आहे: आलेल्या लोकांना टाळ्या वाजवण्यापलीकडे काही काम द्यायची कुणाची तयारी नसते. पुण्यात, गोव्यात आणि हैदराबादेत त्याची किंमत संघांनी मोजली. मराठवाड्यात उद्या एखादा संघ किंवा एखादं विद्यापीठ उभं राहिलंच, तर नाव आणि जर्सीचा रंग ठरवण्याआधी त्याच्या घटनेत सभासदांची मतं किती, हे विचारून घेतलेलं बरं.